वन-वे की रिटर्न? तिकीट काढण्यापूर्वी एवढं वाचा

‘रिटर्न काढलं की स्वस्त पडतं’ असं धरूनच बरेच जण आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत येतात. एसटीचं किंवा रेल्वेचं नाही, विमानाचं तिकीट काढतोय म्हटल्यावर काहीतरी सूट असणारच, असं वाटतं. खरं उत्तर कुठे जायचंय त्यावर ठरतं.

देशातल्या देशात रिटर्नचा सहसा फायदा नसतो. इंडिगो, अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस यांचं जाण्याचं भाडं वेगळं, येण्याचं वेगळं. रिटर्न म्हणजे बहुतेक वेळा या दोहोंची बेरीज. मग एकाच कंपनीला बांधून कशाला घ्यायचं? पुण्याहून दिल्लीला जाताना एकीचं सकाळचं विमान घ्या, येताना दुसरीचं रात्रीचं. गोव्यात मोपा विमानतळावर उतरून दाबोळी विमानतळावरून परत निघता येतं. आधी पेडणे-हरमलला राहून शेवटी मडगावला पाहुण्यांकडे जाणाऱ्यांचं टॅक्सीभाडं त्यात चांगलंच वाचतं. फक्त बॅगांचं बघा. १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण काही सगळ्यात स्वस्त भाड्यांत चेक-इन बॅग नसतेच. विमानतळावर तिचे पैसे भरले की वाचलेले तिथेच गेले.

परदेशाचा हिशेब उलटा. एमिरेट्स, लुफ्तान्सा, एअर इंडिया अशा कंपन्यांच्या लांबच्या मार्गांवर वन-वे म्हणजे रिटर्नच्या निम्मं, असं नसतं. पुष्कळदा ते निम्म्याहून बरंच जास्त असतं, कधी तर जवळजवळ रिटर्नएवढं. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईबाबांना, परतीची तारीख ठरलेली नसली, तरी आम्ही रिटर्नच सुचवतो. अंदाजे तारीख टाकायची आणि तारीख बदलता येईल असं भाडं निवडायचं. तिथे उतरल्यावर साधारण सहा महिने राहायला मिळतात. परतीची तारीख त्याच्या आत हवी. ‘तारीख बदल मोफत’ लिहिलेलं असलं तरी माफ होतं ते बदलाचं शुल्क. नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक भरावाच लागतो, आणि नाताळच्या आसपास तो फरक डोळे पांढरे करतो.

पर्यटक म्हणून दुबई किंवा थायलंडला जाणाऱ्यांनी वन-वेच्या नादी लागू नये. परतीचं तिकीट दाखवता आलं नाही तर इमिग्रेशन राहिलं बाजूला, इथे मुंबईतच कंपनी बोर्डिंग पास नाकारू शकते. शिकायला निघालेल्या मुलांचं तसं नाही. त्यांना वन-वेच बरं, तेही विद्यार्थी भाड्यात. त्यात बऱ्याचदा जादा बॅग मिळते.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. पुणे-दिल्ली-न्यूयॉर्क असं एकाच पीएनआरवर रिटर्न आहे, आणि तुम्ही आधीच दिल्लीला लग्नाला गेलेले आहात. ‘पुण्याचा तुकडा सोडू, थेट दिल्लीहून बसू,’ असं करू नका. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, बहुतेक कंपन्यांत आपोआप रद्द होतात. बेत बदलला तर आधी आम्हाला फोन करा.

तिकीट रद्द करण्याचं शुल्क दर प्रवाशाला, दर टप्प्याला लागतं. डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमाप्रमाणे ते मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तुम्ही गेलाच नाहीत तरी सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरण्याची फी) परत मिळते, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. ही रक्कम लोक मागतच नाहीत. आमच्याकडून काढलेल्या तिकिटाची आम्ही मागून देतो.

दोन वन-वे म्हणजे आमचं सेवाशुल्कही दोनदा लागतं. भाव सांगताना ते धरूनच सांगतो. विचारायला येताना पासपोर्टची प्रत, बॅगांची संख्या आणि परतीच्या दोन-तीन सोयीच्या तारखा घेऊन या. मंगळवार-बुधवार चालत असेल तर तेही सांगा.