बेस गिटार : नाद आणि हात

चार जाड तारांचे, साध्या गिटारीपेक्षा एक सप्तक खाली वाजणारे विद्युत् तंतुवाद्य म्हणजे बेस गिटार. एकाच सुरात लावलेल्या दोन बेस गिटारी कानाला निराळ्या वाटतात आणि हातालाही निराळ्या लागतात. हा फरक कशामुळे पडतो आणि तो कसा पारखावा, हे या नोंदीत खानदेशातील वापराच्या अंगाने पाहिले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत हे वाद्य मुख्यतः लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम आणि चर्चमधील गायन यांत भेटते. बऱ्याच संचांत बेसचे काम कीबोर्डवाल्याचा डावा हातच उरकतो. म्हणून जिथे खरी तार छेडली जाते, तिथे ती कशी वाजते हे महत्त्वाचे ठरते.

जाड तारेकडून मोजल्यास ई, ए, डी आणि जी या तारांची कंपने अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्‌झ असतात. मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झचा नाद बाहेरच पडत नाही. तरीही आपल्याला तो स्वर ओळखू येतो, कारण ८२, १२३ अशा वरच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. गिटारी-गिटारींमधला फरकही बहुतांशी याच उपस्वरांत असतो. लॉनवरच्या किंवा गल्लीतल्या मांडवात खालचा सगळा भाग ढोल आणि ऑक्टोपॅडने व्यापलेला असतो. घरी एकट्याने वाजवताना जिचा खर्ज पोटात घुमतो, ती गिटार तिथे हरवून जाऊ शकते. जिच्या नादाला मधला भरणा आहे, तीच ढोलाच्या वर उठून दिसते. अहिराणीत पोटात घुमणाऱ्या वाद्याला ‘घुमस’ (घुमते) म्हणतील. पण नुसते घुमणे आणि ऐकू येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बेस निवडताना लक्षात ठेवले पाहिजे.

नाद घडवणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारी, चुंबकाभोवतीची तारेची गुंडाळणी) आणि त्याची जागा. तुणतुण्याची तार टोकाजवळ छेडली की आवाज पातळ, कडक येतो. मध्याकडे सरकले की तो भरतो. पिकअपचेही तसेच आहे. ब्रिजजवळ (तारा गिटारीच्या धडावर जिथे टेकतात तिथे) मूळ स्वराचे कंपन लहान असते, त्यामुळे तिथला पिकअप उपस्वर जास्त उचलतो आणि बोल टोकदार होतो. नेककडे, म्हणजे गिटारीच्या मानेकडे, सरकलेला पिकअप गोल, जाड नाद देतो.

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणली. डबल बेस या उभ्या, मोठ्या तंतुवाद्यावर पडद्या (फ्रेट) नसतात, स्वर अंदाजाने धरावा लागतो. इथे पडद्या असल्याने तो नेमका लागतो, म्हणून हे नाव. १९५७ मध्ये तिचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला : एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. ही दोन गुंडाळणी एकमेकींची घरघर खोडून काढतात. प्रिसिजनचा नाद एकसंध असतो, त्यात फार छटा नाहीत, पण मधला भाग भक्कम. वहीगायन या खानदेशी लोकप्रकारातला शेकलेला डफ जसा एका थापेत आपले सगळे सांगून मोकळा होतो, तसा हिचा बोल आहे. मांडवातल्या कामासाठी एकच गिटार घ्यायची असेल, तर प्रस्तुत लेखकाचे मत निःसंकोचपणे हिच्याच बाजूने आहे.

१९६० मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसला दोन पिकअप आहेत आणि त्यांचे दोन व्हॉल्यूम वेगवेगळे. त्यामुळे एकाच गिटारीतून तीन-चार नाद काढता येतात. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले तर मधला भाग किंचित मागे जातो आणि आवाज स्वच्छ, पसरलेला वाटतो. फक्त मागचा, ब्रिजजवळचा ठेवला तर तो नाकातून बोलल्यासारखा, पण प्रत्येक बोट मोजता येईल असा होतो. रेकॉर्डिंगला हे फार उपयोगी पडते. मांडवात मात्र एक अडचण येते. दोन्ही पिकअप सारखे उघडे असले तरच घरघर खोडली जाते; एक बंद केला की उरलेली एकेरी गुंडाळणी जनरेटर, लायटिंग आणि कच्चे अर्थिंग यांची गुणगुण पकडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या पडदीवरचा जी स्वर ४९ हर्ट्‌झचा. म्हणजे ही गुणगुण जवळपास एका स्वरावरच बसते आणि त्या स्वराच्या आसपासचे गाणे किंचित बेसूर भासू लागते.

म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे (१९७६) ब्रिजकडे बसवलेला दुहेरी गुंडाळणीचा मोठा पिकअप आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप (संकेत वाढवणारे छोटे सर्किट) घेऊन आली. बोल कडक, चकचकीत; अंगठ्याने आपटून वाजवायला उत्तम. अशा ॲक्टिव्ह गिटारीत केबल खोचली की प्रीअँप सुरू होतो, म्हणून दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत केबल काढून ठेवावी. रिकनबॅकर ४००१ (१९६१) हिचा नाद गुरगुरता आणि वरच्या अंगाचा. जर्मनीतल्या हॉफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची पोकळ ५००/१ (१९५६) मऊ आणि ठसठशीत वाजते, आणि स्वर लवकर विरतो. पडद्या नसलेली कारखान्यातली पहिली बेस अँपेग कंपनीने १९६६ मध्ये काढली. तिच्यावर खरी मींड घेता येते, त्यामुळे मराठी कानाला ती चटकन जवळची वाटते. पण मान हलवत, घाम पुसत चार तास उभ्याने वाजवताना तिच्यावर सूर सांभाळणे सोपे नाही.

लाकडावरून वाद पुष्कळ होतात. पिकअप, तारा आणि वाजवणाऱ्याची बोटे यांच्यापुढे लाकडाचा वाटा थोडा आहे. त्यातही तारांकडे जितके दुर्लक्ष होते, तितके दुसऱ्या कशाकडेही होत नाही. गोल वेष्टनाच्या नव्या तारा झणझणीत वाजतात. घाम आणि धूळ वेष्टनाच्या खाचांत बसली की महिन्या-दोन महिन्यांत त्या मुक्या होतात. काही वादक त्या पाण्यात उकळून पुन्हा चढवतात आणि तेवढ्याने काही दिवस निभावतात. सपाट वेष्टनाच्या तारा मुळातच गडद, बोटांची खरखर न करणाऱ्या आणि टिकाऊ. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन प्रिसिजनवर सपाट तारा वाजवत, हे नुसते ऐकूनही कळते. दोन गिटारींवर वेगळ्या जातीच्या किंवा वेगळ्या वयाच्या तारा असतील, तर ती तुलना गिटारींची न राहता तारांची होते.

हाताला काय लागते, ते मुख्यतः दोन मापांवर ठरते. पहिले माप तारेची मोकळी लांबी. फेंडरच्या या दोन्ही गिटारींत ती ३४ इंच, हॉफ्नरमध्ये ३० इंचांच्या आसपास. लांबी कमी झाली की त्याच जाडीच्या तारा सैल लागतात, पडद्या जवळ येतात आणि लहान हाताला सुख मिळते. बदल्यात ई तार थोडी भोंगळ होते. दुसरे माप नटजवळची (तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीजवळची) नेकची रुंदी : जॅझची साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची ४१ ते ४४. जॅझवर बोटे पळतात. प्रिसिजनने मूठ भरते.

खानदेशात याच्या जोडीला हवामान येते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, ऐन लग्नसराईत, जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि हवा कोरडी. लाकूड आकसते, नेक सरळ होते, तारा पडद्यांवर घासून खरखरतात आणि पडद्यांची टोके तळहाताला बोचू लागतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या वेळी हवा दमट झालेली असते. नेक पुढे वाकते, ॲक्शन (पडद्यांपासून तारांची उंची) उंच होते आणि तीच गिटार जड वाटू लागते. डफ उतरला की शेकतात, तसे इथे नेकमधली पोलादी सळई पाव वळसा फिरवून घ्यावी लागते. उन्हाळ्यात नाकारलेली गिटार पावसाळ्यात आवडल्याची कारणे पुष्कळदा या पाव वळशात असतात.

निवड करायला नंदुरबारकर सुरतेला जातो, धुळेकर नाशिकला, भुसावळचा माणूस थेट गाडीने मुंबईला. तिथल्या थंड, बंद दुकानात गिटारी एकट्या वाजतात. त्या वेळी टोनचे बटण मधोमध ठेवावे, दोन्हींचा आवाज कानाने सारखा करावा, कारण मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, आणि ज्या गाण्याची चाल हातात पक्की बसली आहे तीच दोन्हींवर वाजवावी. मोबाइलवर ढोलकीचा ठेका लावून त्याच्यासोबत वाजवले, तर मांडवात काय होणार याचा अंदाज येतो. शेवटी पट्टा खांद्यावर घालून दोन्ही हात सोडावेत. नेक आपोआप खाली झुकली, तर डाव्या हाताला कार्यक्रमभर तिचे ओझे उचलत वाजवावे लागेल.