सोया आणि स्तनाचा कर्करोग: आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही सोयादूध आणि टोफू (सोयादुधाचं पनीर) बनवून विकतो. सोया आणि कर्करोगाबद्दल मोबाइलवर एखादा संदेश फिरला की आमच्याकडे दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. "आईचं ऑपरेशन झालंय, उद्यापासून टोफू बंद करा" हा एक. "टोफू नको, त्यातला अर्क द्या, कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे" हा दुसरा. दोन्ही संदेशांमागे प्रयोगशाळेतलं खरं काम असतं. चूक होते ती काचेच्या बशीत पेशींवर जे घडलं ते जसंच्या तसं आपल्या ताटाला लावण्यात.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन गटातली द्रव्यं असतात. त्यांतली मुख्य जेनिस्टीन आणि डेडझीन. त्यांची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी असल्यामुळे ती पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहींवर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे चिकटतं त्या जागांवर, जाऊन बसतात. हे ग्राही दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. गाठ वाढवण्यात अल्फाचा हात मोठा, आणि जेनिस्टीनची ओढ मात्र बीटाकडे अनेक पटींनी जास्त.

एमसीएफ-७ नावाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी १९७० च्या दशकापासून जगभर प्रयोगांसाठी वापरतात. त्यांच्यावर १ मायक्रोमोलरच्या (द्रावणातली तीव्रता मोजायचं एकक) आसपास जेनिस्टीन टाकलं तर त्या वाढतात, १० च्या बरंच वर गेलं की वाढ दबते. म्हणून दोन्ही बातम्या एकाच वेळी छापून येतात. पण आपण सोया खातो तेव्हा आतडं आणि यकृत जेनिस्टीनला दुसरे रेणू जोडून ते बरंचसं निष्क्रिय करतात. रक्तात मोकळं जेनिस्टीन फार थोडं उरतं. बशीत ते सगळंच मोकळं असतं.

उंदरांवरचं काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये याच पेशींच्या गाठी शुद्ध जेनिस्टीनने वाढल्या. साध्या सोयापिठातून तेवढंच जेनिस्टीन दिलं तेव्हा तशी वाढ झाली नाही. अर्क जितका शुद्ध, तितका धोका जास्त दिसला.

आणि माणसांचं काय? शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजच्या जेवणात सोया जास्त असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं. टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध घेणाऱ्यांमध्येही तसंच. अशा अभ्यासातून सोयामुळेच फायदा झाला असं सिद्ध होत नाही, पण बेताच्या सोयाने नुकसान होतं ही भीती मात्र बरीच कमी होते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे पदार्थ खायला हरकत नाही म्हणते, सोयाच्या अर्काच्या गोळ्यांबाबत मात्र सावध करते.

म्हणूनच आम्ही आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल किंवा अर्क ठेवत नाही, मागवूनही देत नाही. त्यात नफा जास्त आहे हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही. कृपया त्यासाठी फोन करू नका. काउंटरवरच्या मुलांना हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं आणि तोवर सकाळचं ताजं सोयादूध पोहोचवायला उशीर होतो.

आमचा टोफू भिजवलेल्या अख्ख्या सोयाबीनचं दूध काढून, ते नीट उकळून बनतो; वेगळं काढलेलं प्रथिन किंवा अर्क त्यात मिसळत नाही. दिवसाला एक कप सोयादूध किंवा शंभरेक ग्रॅम टोफू हे जेवणातलं प्रमाण झालं. औषध म्हणून आमच्याकडून काहीच नेऊ नका.

उपचार चालू असतील तर आमचं पाकीट डॉक्टरांना दाखवा; घटक त्यावर मराठीत छापले आहेत. थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा. डॉक्टरांनी काही काळ थांबायला सांगितलं तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, रतीब थांबवू. पुन्हा सुरू करायला वेगळे पैसे पडत नाहीत.