जुन्या जीपचं ‘90 नंबर’ ऑइल : नाव एक, तेलं दोन

जुनी फोर-व्हील जीप घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला एक गोष्ट कळते: इंजिन ऑइल हे या गाडीतलं फक्त एक तेल आहे. खाली सरकून बघा. गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला चिकटलेली, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचं एकेक हाऊसिंग, शिवाय पुढची चाकं जिथे वळतात तिथले नकलचे (सांध्याचे) दोन गोळे. डिपस्टिक यातल्या एकालाही नाही. बाजूचा प्लग खोलायचा, बोट आत घालायचं. भोकाच्या काठाशीच तेल लागलं तर पुरेसं आहे, बोट वाकवून खाली शोधावं लागलं तर कमी आहे. मग दुकानात जाऊन ‘90 नंबर द्या’ म्हणायचं, म्हणजे 90 जाडीचं गिअर ऑइल, आणि मिळेल ते सगळ्या पेट्यांत सारखं ओतायचं. बहुतेक जण असंच करतात. मीही बरीच वर्षं केलं.

पण या ‘90 नंबर’मागे दोन वेगळ्या तेलांची कहाणी आहे, आणि ती जीपच्याही आधी सुरू होते.

मोटारीच्या मागच्या हाऊसिंगमध्ये क्राउन (मोठं दातेरी चक्र) आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन असतात. सुरुवातीच्या गाड्यांत पिनियनचा दांडा थेट क्राउनच्या मध्यरेषेवर यायचा. 1920 च्या दशकात अमेरिकेत रोचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड दाते आणले. त्यात पिनियन मध्यरेषेच्या खाली बसतो. 1926 मध्ये पॅकार्डने ते आपल्या मोटारीत घातले. फायदा सरळ होता: पिनियन खाली गेला, म्हणून गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला, म्हणून गाडीचा तळ खाली आला. खरी किंमत तेलाने मोजली. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात, तेही प्रचंड दाबाखाली. साध्या खनिज तेलाचा थर तिथे पुसून जातो आणि पोलाद पोलादाला भिडतं.

यावर रसायनतज्ज्ञांनी काढलेला उपाय मला आजही थोडा अघोरी वाटतो. तेलात शिशाचे साबण आणि गंधक घातलं. दात्याची कड तापली की गंधक पोलादाशी संयोग पावतं, वर एक पातळ थर बनतो आणि झीज त्या थराची होते, दात्याची नाही. म्हणजे दाते वाचवण्यासाठी त्यांना मुद्दाम किंचित गंजवायचं. अशा तेलांत पुढे कित्येक वर्षं गंधक मुरवलेलं स्पर्म व्हेलचं तेलही असायचं. 1970 च्या सुमारास अमेरिकेने या व्हेलला संरक्षण दिलं, तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. जुनं हाऊसिंग उघडल्यावर नाकात जाणारा तो कुजका वास या गंधकाचा.

आता जीप. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागितली. बॅन्टम कंपनीचा पहिला नमुना त्याच सप्टेंबरात तयार झाला. इतक्या घाईत नवे अ‍ॅक्सल कोण घडवणार? टोलेडोच्या स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या घरगुती मोटारीच्या अ‍ॅक्सलमध्येच फेरफार करून दिले. त्यातून रणांगणावरच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे हायपॉइड दाते आले. मधला गिअरबॉक्स मात्र जुन्या धाटणीचाच राहिला: साधे दाते, आणि गिअर कर्कश आवाज न करता पडावा म्हणून दात्यांचा वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा. युद्धानंतर विलिस या जीप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने नागरी जीप काढली तेव्हा तिच्या पुस्तकात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केससाठी साधं खनिज तेल सांगितलं, हाऊसिंगसाठी हायपॉइड तेल. जाडी दोन्हीची 90. दोन तेलं, एक आकडा, ते तिथपासून.

आकडाही फसवा आहे. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. 100 अंश सेल्सिअसला 90 नंबरचं गिअर ऑइल जवळपास 40 ते 50 नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. आणि 90 हा आकडा दाटपणाशिवाय काहीच सांगत नाही. आत गंधक किती, हे त्यात नाही.

ते सांगणारी भाषा नंतर आली. अमेरिकन लष्कराने 1950 मध्ये गिअर ऑइलचं एक मानक ठरवलं, 1962 मध्ये त्याहून कडक दुसरं. डब्यावरची जीएल-4 आणि जीएल-5 ही अक्षरं ढोबळमानाने याच दोन पायऱ्या. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा साधारण दुप्पट. हायपॉइड दात्यांना ती मानवते, गिअरबॉक्समधल्या पितळाला नाही. पितळी रिंग हळूहळू खाल्ली जाते आणि दुसरा गिअर टाकताना खरखर सुरू होते. दोष मात्र क्लचवर जातो. नवी जीएल-5 तेलं पितळाला पूर्वीइतकी कडक नाहीत असं त्यांच्या कंपन्या सांगतात. तरी माझ्या गिअरबॉक्समध्ये जीएल-4 च जातं.

ट्रान्सफर केसची गंमत वेगळी. विलिसच्या टी-90 गिअरबॉक्सला जोडलेली स्पायसर-18 ट्रान्सफर केस वेगळी पेटी दिसते, पण दोघांच्या मधल्या भिंतीत तेलाची वाट आहे. पुस्तकात गिअरबॉक्सला अडीच पाइंट आणि ट्रान्सफर केसला सव्वातीन पाइंट, म्हणजे अंदाजे 1.2 आणि 1.5 लिटर, असं वेगवेगळं लिहिलेलं असलं तरी तेल इकडून तिकडे जातं. म्हणून एका पेटीत कमी दिसलं तर दुसरीचा प्लग उघडल्याशिवाय निदान करू नये. तेल बदलतानाही दोन्ही पेट्या रिकाम्या करायच्या, दोन्ही भरायच्या. हँडब्रेकचा ड्रमही या ट्रान्सफर केसच्याच मागच्या टोकाला आहे. तिथलं ऑइल सील गेलं की तेल ब्रेकवर उडतं. घाटात थांबल्यावर हँडब्रेक धरत नसेल तर केबल ताणण्याआधी खाली हात लावून बघावा.

ही सगळी यंत्रं आपल्याकडे आली मुंबईतून. 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने तिथे विलिसच्या जिपांची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटचं सीजे-3बी मॉडेल अमेरिकेत 1968 ला बंद झालं, पण तिचा वंश आपल्याकडे पुढे कित्येक दशकं चालला. इंजिनं बदलली, पेट्रोल जाऊन डिझेल आलं, महिंद्राच्या 540 मॉडेलमध्ये प्यूजोचं इंजिन बसलं. हाऊसिंग तपासायची रीत मात्र तीच, प्लग आणि बोट. वडापाच्या (प्रवासी वाहतुकीच्या) जिपा बहुतेक टू-व्हीलच्या, फक्त मागच्या चाकांनी चालणाऱ्या, म्हणून गावोगावच्या मिस्त्रींचा हात मागच्या हाऊसिंगवर बसला आणि पुढचं हाऊसिंग कायम दुर्लक्षित राहिलं.

आणि पुढच्यालाच पाणी लागतं. तापलेलं हाऊसिंग ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते. हवा आत-बाहेर जाऊ देणारा वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती पोकळी भरायला सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग पावसाळ्यानंतर प्लग खोलला की बाहेर येतो दुधाळ चहा. अशा तेलाला किलोमीटर विचारायचे नाहीत, त्याच दिवशी काढून टाकायचं. आणि ब्रीदर साफ केल्याशिवाय नवं भरायचं नाही.

पुढच्या चाकांसाठी 1948 नंतर वॉर्न या अमेरिकन कंपनीने फ्री-व्हील हब आणले, म्हणजे चाक अ‍ॅक्सलपासून सोडवता किंवा जोडता येणारे हब. हब मोकळे ठेवले की पुढचं अ‍ॅक्सल फिरतच नाही. तेल तळाशी बसून राहतं, वरची बेअरिंगं कोरडी पडतात. म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून चार-पाच किलोमीटर फिरवून आणायची, टू-व्हीलमध्येच, डांबरावर फोर-व्हील न टाकता.

तेल बदलायला बसलात तर आधी तेल भरायचा प्लग खोला, मग तेल सोडायचा खालचा. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा प्लग जाम झालेला असतो, आणि खालून तेल सोडून दिल्यावर ते कळलं तर गाडी तिथेच उभी राहते.