कोयकलम

कोयकलम म्हणजे रायवळ आंब्याच्या कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या रोपावर आपल्याला हव्या त्या जातीची काडी बसवून केलेलं कलम. कोकणात कोयीला बाठा म्हणतात. खाली मुळं धरून राहतो तो खुंट, वर बसवतो ती कलमकाडी. हापूस, रत्ना, केसर यांची रोपं कोकणातल्या नर्सऱ्यांत मोठ्या प्रमाणावर अशीच तयार होतात, आणि घरच्या परसात करून बघायलाही हीच पद्धत सोपी, कारण लागतं काय, तर धारदार चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि पावसाळा.

आता हापूस खाल्ला आणि त्याचीच कोय पुरली तर काय बिघडलं? बिघडत काही नाही, झाड येतं, पण त्याला हापूसच लागेल याची खात्री नाही. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला, म्हणजे आई हापूस असली तरी बाप कुठला कोण जाणे. शिवाय कोयीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतं.

आंब्याची कलमं करण्याचं तंत्र पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजलं आणि हापूस हे नाव अफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं असं सांगतात. ज्याच्यामुळे फळ प्रसिद्ध झालं तो माळी मात्र निनावीच राहिला.

कृती अशी. जूनमध्ये ताज्या कोयी पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या वाफ्यात पेरायच्या. कोय फार दिवस ठेवून चालत नाही, आंबे खाऊन महिनाभराने आठवण झाली तर उगवण पडते. रोप वर आल्यावर दहा-पंधरा दिवसांत, पानं अजून तांबडी आणि देठ लुसलुशीत असतानाच, कोयीसकट अलगद उपटायचं, कोयीपासून 6 ते 8 सेंमी वर शेंडा कापायचा आणि मधोमध 4 ते 5 सेंमी उभा काप द्यायचा. काडी घ्यायची ती चांगल्या फळणाऱ्या झाडाची, खुंटाइतक्याच जाडीची, 10 ते 15 सेंमी लांब. तिची पानं देठ ठेवून आठ-दहा दिवस आधीच झाडावर छाटलेली असतील तर टोकाचा डोळा टपोरा होतो. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची, ती खुंटाच्या फटीत घालायची आणि पट्टीने घट्ट गुंडाळून रोप कोयीसकट पिशवीत लावायचं.

खरी गोम सालीखालच्या हिरवट पातळ थरात आहे, नवीन पेशी तिथेच तयार होतात, त्यामुळे काडी बारीक आणि खुंट जाड असेल तर काडी मधोमध न ठेवता एका कडेला साल सालीला भिडवायची. आणि पाचरीला बोट लावू नका, एकदा कापलं की लगेच बसवायचं, फोन आला तर वाजू द्या.

कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की काडी सुकायच्या आत जोड धरतो. देशावर तेवढी आर्द्रता नसते म्हणून तिथे काडीवर प्लॅस्टिकची टोपी घालतात, किंवा जागेवरच लावलेल्या मोठ्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर कलम बांधतात, त्याला मृदकाष्ठ कलम म्हणतात. काजूची कलमंही तशीच होतात.

कोणाचं कोणावर बसतं याबद्दल मोबाईलवर वाट्टेल ते फिरत असतं. पेरूवर आंबा बसत नाही. नातं जवळचं लागतं: चिकू खिरणीवर, मोसंबी जंबेरीवर किंवा रंगपूर लिंबावर, उमराण बोर रानबोरीवर. एका झाडावर अनेक जाती मात्र खुशाल करता येतात, लखनौजवळच्या मलिहाबादमध्ये कलीमुल्ला खान यांनी आंब्याच्या एकाच झाडावर तीनशेच्या वर जाती बांधल्यात, त्यांना 2008 मध्ये पद्मश्री मिळाली. घरी दोन जमल्या तरी पुष्कळ.

साधारण तीन आठवड्यांत काडीवर कोंब दिसला की लोक खूश होतात आणि लक्ष काढून घेतात, घरची कलमं वाया जातात ती इथे. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडली नाही तर जोडाचा गळा आवळतो. जमिनीत लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा, हे ऐकायला सोपं आहे, पण घरातली म्हातारी माणसं ते करू देत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडाच्या खालून येणारे धुमारे दिसताक्षणी मोडायचे. ते रायवळचे असतात आणि वाढायला जोरदार. आमच्या परसात मी एकदा पावसाळाभर तिकडे बघितलंच नाही, आणि "कलम काय झपाट्याने वाढलंय" म्हणून कौतुक करत होतो तो खालचा धुमारा होता, हापूसची काडी शेजारी करंगळीएवढी वाळून उभी. "नर्सरीवाल्याने फसवलं, हापूस म्हणून रायवळ दिला" ही तक्रार करण्याआधी झाडाच्या बुंध्याशी वाकून जोड कुठे आहे आणि फांदी त्याच्या वरून निघालीय की खालून ते बघावं.