शेअर्ड होस्टिंग आणि डेडिकेटेड सर्व्हर

धंद्याची वेबसाइट, ईमेल किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर चालू ठेवायला जो सर्व्हर भाड्याने घेतात त्याचे हे दोन प्रकार. शेअर्डमध्ये एकाच मशीनवर कितीतरी गिऱ्हाइकांची खाती असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि बऱ्याचदा आयपी ॲड्रेससुद्धा (इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता) सगळ्यांत मिळून एकच. डेडिकेटेडमध्ये अख्खं मशीन एकाच गिऱ्हाइकाचं, सगळे अधिकार देणाऱ्या रूट पासवर्डसकट. या दोघांच्या मधला व्हीपीएस, म्हणजे एका मशीनचे सॉफ्टवेअरने पाडलेले वेगवेगळे भाग, आणि आज बहुतेक वाढते धंदे शेअर्डवरून उठून तिकडेच जातात, थेट डेडिकेटेडवर क्वचितच.

एका आयपीवर एवढ्या साइट बसतात कशा, तर ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत साइटचं नावही पाठवतो म्हणून. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या 1.1 आवृत्तीत (1997) हे सक्तीचं झालं आणि शेअर्ड होस्टिंग स्वस्त होण्यामागे या गोष्टीचा मोठा हात आहे. एचटीटीपीएसचं, म्हणजे त्याच्याच सुरक्षित रूपाचं, मात्र बरीच वर्षं अडलं होतं, कारण तिथे नाव कळायच्या आधीच साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट दाखवावं लागायचं, म्हणून सुरक्षित साइट हवी तर वेगळा आयपी विकत घ्या. यावरचा उपाय, एसएनआय (जोडणी सुरू होतानाच साइटचं नाव सांगायची सोय), 2003 मध्येच ठरला होता पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कळतच नव्हता, त्यामुळे एक्सपी जाईपर्यंत कोणी धीर केला नाही. मग 2015 च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची फुकट सर्टिफिकेटं आली आणि हा विषय मिटला.

शेअर्डच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते डिस्कच्या जीबीबद्दल असतं, फाइलींच्या संख्येवर (याला आयनोड म्हणतात) मर्यादा असतेच, आणि खरी मर्यादा तर त्याहून वेगळीच आहे. बऱ्याच कंपन्या सर्व्हरवर क्लाउडलिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात, त्यात प्रत्येक खात्याला सीपीयू, रॅम आणि एका वेळी चालणाऱ्या ‘एंट्री प्रोसेस’ (एकदम हाताळायच्या मागण्या) ठरवून दिलेल्या असतात. एकाने सगळं मशीन खाऊ नये म्हणून ही सोय चांगलीच आहे, पण गर्दीच्या दिवशी ती नेमकी आपल्यालाच नडते. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्याचं दुकान घ्या. चकलीचा फोटो आणि होमपेज कॅशमधून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून, निघतं, त्याला काही लागत नाही, पण कार्ट आणि चेकआउट कॅश करता येत नाही, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पीएचपी (पान तयार करणारा प्रोग्रॅम) नव्याने चालतं. समजा एंट्री प्रोसेसची मर्यादा 20 आहे आणि एक चेकआउट 2 सेकंद घेतंय, तर सेकंदाला 10 च्या वर मागण्या आल्या की पुढच्यांना 508 एरर (खात्याची मर्यादा संपली) दिसायला लागतो. म्हणजे साइट बघणाऱ्यांना चालते आणि पैसे द्यायला आलेल्यांना चालत नाही!

दुसरी कटकट ईमेलची. त्याच आयपीवरच्या कोणाची तरी वर्डप्रेस साइट हॅक होते, तिथून स्पॅम सुटतो, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि आपलं कोटेशन समोरच्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये. यासाठी मशीन बदलायची गरज नाही, मेल वेगळ्या सेवेवर नेलं की झालं, पण हे सांगायच्या ऐवजी बरेच विक्रेते मोठा प्लॅन गळ्यात मारतात.

डेडिकेटेड घेतलं की शेजारी गेले, पण मालकीसोबत रखवालीही आली. अनमॅनेज्ड प्लॅनमध्ये कंपनी वीज, नेटवर्क आणि बिघडलेला हार्डवेअरचा भाग बदलून देणं एवढंच बघते. कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) अपडेट, फायरवॉल, डेटाबेसचं ट्यूनिंग हे सगळं आपलं. फायरवॉलचा एक नियम चुकला की एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा मार्ग) बंद, स्वतःच्याच सर्व्हरच्या बाहेर आपण उभे, आणि मग आयपीएमआयचा (हार्डवेअरमधलीच वेगळी वाट) रिमोट कन्सोल उघडून आत शिरायचं. हे रात्री दोन वाजता करणारा माणूस पगारावर नसेल तर मॅनेज्ड घ्यावं. लायसन्सचा खर्चही वेगळा धरावा, सीपॅनेल (साइट आणि खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) आधी सर्व्हरमागे ठराविक पैसे घ्यायचं, 2019 पासून खात्यांच्या संख्येवर घेतं, आणि स्वतःच्या सर्व्हरवर इतरांच्या साइट ठेवणाऱ्यांना ते चांगलंच महागात पडलं.

डेडिकेटेडमध्ये बऱ्याचदा रेड 1 असतं, एका डिस्कवरचं दुसरीवर आपोआप उतरतं, आणि यालाच बॅकअप समजणारे पुष्कळ आहेत. चुकून टेबल डिलीट झालं तर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळालं तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचा डेटा कायमचा गेला.

भारतात सर्व्हर कुठे आहे हेही बघावं लागतं. नवी मुंबईत महापे, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स आहेत, नाशिकची ईएसडीएसही याच धंद्यातली, आणि गिऱ्हाईक इथलंच असेल तर अमेरिकेतल्या स्वस्त सर्व्हरपेक्षा इथला जलद वाटतोच. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2018 च्या आदेशाने पेमेंटचा डेटा देशातच ठेवायचा असतो, तो नियम पेमेंट कंपन्यांना आहे, साध्या दुकानदाराला पेमेंट कंपनीचा गेटवे वापरला की ती चिंता नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत मात्र 180 दिवसांचे लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) ठेवणं आणि सायबर घटना 6 तासांत कळवणं आलं. शेअर्डवर सर्व्हरचे पूर्ण लॉग आपल्या हातात नसतात, डेडिकेटेडवर ते ठेवायचं काम आपलंच.

मग डेडिकेटेड कोणाला परवडतं, तर ज्याचा लोड दिवसभर सारखा आणि जड आहे त्याला: मोठा डेटाबेस, पन्नासेक लोक एकदम वापरतात असा ईआरपी (धंद्याचा हिशेब, स्टॉक, ऑर्डर एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), व्हिडिओचं काम. वर्षात दोनच महिने गर्दी होणाऱ्या फराळवाल्याने किंवा हापूसवाल्याने बारा महिने अख्ख्या मशीनचं भाडं भरू नये, त्याने व्हीपीएस घेऊन सीझनपुरती रॅम वाढवून घ्यावी.