चॅनलचा ईपी आणि मालिकेचा निर्माता

परवा कॉलेज रोडला एका रिसेप्शनमध्ये यजमानांनी ओळख करून दिली, ‘हे आमचे काका, मुंबईला चॅनलमध्ये होते. मालिका काढायचे.’ अहो, मी मालिका काढत नव्हतो, काढून घेत होतो. नोकरी सोडून नाशकात आल्यापासून हेच सांगतोय, पण कुणी ऐकेल तर शपथ.

निर्माता कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं. सेट त्याचा, युनिट त्याचं, कलाकारांचे चेक त्याच्या सहीचे. चॅनलचा माणूस नोकरदार. त्याला पगार, रजा, पीएफ. गाडीतून कोण जास्त रुबाबात उतरतो यावरून ओळखायला जाल तर बहुतेक वेळा चुकाल.

खरी गोची करतात ती ‘ईपी’ ही दोन अक्षरं. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. त्याचं मराठीत ‘कार्यकारी निर्माता’ करून ठेवलंय, आणि ‘निर्माता’ दिसला की आधीचा ‘कार्यकारी’ कुणी वाचतच नाही. आपल्याकडे सिनेमाच्या सेटवरचा ईपी हा निर्मात्याचा माणूस: बजेट, तारखा, जनरेटर, जेवणं सांभाळणारा. अमेरिकन मालिकांत त्याच नावाखाली बऱ्याचदा मुख्य लेखक असतो. आणि आपल्या मालिकांत चॅनलचा ईपी बरोबर पलीकडच्या बाजूला बसतो, चॅनलतर्फे निर्मात्याकडून काम करून घ्यायला.

यातली मेख कळायला एक संध्याकाळ पुरे. एपिसोडचा कट यायचा, मी पाहायचो आणि फोन लावायचो: ‘सून दार उघडते तेव्हा सासूचा चेहरा दिसत नाही. तो क्लोज परत घ्या.’ झालं माझं काम. तिकडे घोडबंदर रोडच्या सेटवर मात्र काढलेले लाइट परत लावायचे, घरी पोचलेल्या बाईंना परत बोलवायचं, तीच साडी, तेच कानातले कपडेपटातून शोधायचे. शिफ्ट लांबली तर तिचे पैसे वेगळे. हा भुर्दंड निर्मात्याचा. चॅनल दर एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, एक क्लोज परत घेतला म्हणून ती वाढत नाही. वर मालिकेचे हक्कही सहसा चॅनलकडेच. गुरुवारी टीआरपी मोजणाऱ्या बार्कचे आकडे पडलेले दिसले की निर्मात्याच्या पोटात गोळा यायचा; माझी फार तर मीटिंग लांबायची. मालिका बंद झाली तर त्याचा सेट मोडायचा, मला दुसरी मालिका मिळायची.

मोठ्या नावांतही हेच दिसेल. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ स्टार प्लसवर आल्या तेव्हा समीर नायर वाहिनीचे अधिकारी होते. ‘क्योंकि’ बनवली ती एकता कपूरच्या बालाजीनं. हेच नायर २०१४ मध्ये बालाजीचे सीईओ झाले, पण म्हणून कंपनी काही त्यांची झाली नाही. २०१७ मध्ये ते ॲप्लॉज या निर्मितीसंस्थेत गेले. अधिकाऱ्याचं करिअर असंच खुर्च्या बदलत पुढे सरकतं.

नाशिककरांना तर हे समजवायची वेळच यायला नको. पांडवलेण्यांखाली ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी स्वतःची विमा पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने पणाला लावले. ते निर्माते. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर भागीदारीत ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स’ नाशकात उभी राहिली, पुढे भागीदारांशी बिनसलं, दादासाहेब काशीला निघून गेले. १९२२ मध्ये परतले ते त्याच कंपनीत, निर्मितीप्रमुख म्हणून, पगारावर. गाव तेच, हातातलं कामही तेच, पण पैशाची जोखीम आता दुसऱ्याची. मला स्वतःला दागिने गहाण टाकणाऱ्याबद्दल कायम जास्त आदर वाटत आलाय, जरी मी आयुष्यभर पगाराच्याच बाजूला बसलो.

त्याच रिसेप्शनमध्ये आइस्क्रीमच्या काउंटरपाशी यजमानांच्या पुतण्यानं मला गाठलं. सोमवारच्या पंचवटीनं मुंबईला निघाला होता.

‘काका, ईपी व्हायला भांडवल किती लागतं?’

‘काही नाही. बायोडेटा लागतो.’

‘आणि निर्माता व्हायला?’

‘सिडकोतला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?’