वेण्णा तलावातील नौकाविहार

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वेण्णा तलावावर चालणारा करमणुकीचा जलविहार. तलाव मानवनिर्मित आहे. त्याच्या बांधणीचे वर्ष सामान्यतः १८४२ असे दिले जाते व श्रेय साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांना जाते. काही ठिकाणी ‘शिवछत्रपतींचे वंशज’ एवढाच मोघम उल्लेख आढळतो आणि कर्ता संदिग्ध राहतो. त्यांच्या आधीचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्याच वर्षी गादीवर आलेले आप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तले. सबब १८४२ ग्राह्य धरल्यास दुसरे नाव संभवत नाही. माल्कम पेठेचा (महाबळेश्वरच्या इंग्रजकालीन वसाहतीचा) परिसर १८२९ च्या सुमारासच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, तरीही या कामाशी छत्रपतींचे नाव जोडलेले राहिले, हे महत्त्वाचे.

तलावाचे क्षेत्र सुमारे २८ एकर (११.३ हेक्टर) आणि परीघ ७ ते ८ किमी. असल्याचे वारंवार छापले जाते. हे दोन्ही आकडे एकत्र जुळणे अवघड आहे. एवढ्या क्षेत्राच्या वर्तुळाचा परीघ जेमतेम १.२ किमी. भरतो, काठ वळणावळणाचा व पात्र लांबट धरले तरी ७ किमी.ची मजल गाठत नाही. क्षेत्राचा आकडा त्यामानाने अधिक विश्वसनीय वाटतो.

वल्ह्यांच्या होड्या नावाडी चालवितो. पायडलच्या बोटी पर्यटक स्वतः चालवितात. पायडल मारल्याने फिरणारे पात्यांचे चाक पाणी मागे लोटते व हातातील दांड्याने सुकाणू वळते. बोटीतील दोघांपैकी एकानेच पायडलवर जोर लावला तरी बोट चालते, पण वाऱ्याविरुद्ध दम लागतो. बोट क्लब गिरिस्थान नगरपालिकेच्या अखत्यारीत आहे. तलाव महाबळेश्वर-पाचगणीच्या पिण्याच्या पाण्याचाही स्रोत असल्याने त्याची स्वच्छता ही विहाराची पहिली अट मानली पाहिजे. अतिवृष्टीत बोटी बंद ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडल्यास वेण्णालेक-लिंगमळा भागात दवबिंदू गोठतात व धक्क्याच्या फळ्यांवर हिमकणांचा थर दिसतो.

कोयनेच्या शिवसागर जलाशयातील तापोळा व बामणोली येथील नौकानयन निराळ्या स्वरूपाचे आहे. तेथे इंजिनाच्या बोटी चालतात. वासोटा किल्ल्यास जाणारे गिर्यारोहक बामणोलीहून पाण्यातूनच पलीकडे जातात, आणि जलाशयाकाठच्या गावांना लाँच हे दळणवळणाचे साधन आहे.